दोन नॅनोमीटरनंतर काय? अणूच्या आधी आडव्या आल्या आहेत तार, उष्णता आणि मेमरी

तुमचा प्रश्न मी असा समजलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात. सात, पाच, तीन आणि आता दोन नॅनोमीटर असे आकडे ऐकत आलात. सिलिकॉनचा अणू साधारण पाव नॅनोमीटरचा, म्हणजे आणखी तीन-चार पायऱ्या उतरल्या की तळ लागणार. मग आज चिप डिझाइनमध्ये शिरलो तर दहा वर्षांनी करायला काय उरेल? आणि सिलिकॉनच्या जागी काय येणार, क्वांटम की आणखी काही?

मी गेली वीसेक वर्षं फिजिकल डिझाइनमध्ये आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं लॉजिक घ्यायचं, त्याचा प्रत्यक्ष नकाशा मांडायचा, लाखो सेल (काही ट्रान्झिस्टरांचे तयार छोटे ठोकळे) जागच्या जागी बसवायचे, तारा ओढायच्या, टायमिंग, म्हणजे सिग्नल ठरल्या वेळेत पोचणं, जुळवायचं आणि टेपआउटला, म्हणजे डिझाइन पूर्ण झाल्यावर, फाइल फॅबकडे, चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे, धाडायची, हे माझं काम. सुरुवात १८० नॅनोमीटरवर झाली, सध्या पाचवर आहे. म्हणून उत्तरही नकाशावर बसणाऱ्या माणसाचं आहे. फॅबमध्ये प्रत्यक्ष वेफर, म्हणजे जिच्यावर चिप छापतात ती सिलिकॉनची चकती, हाताळणारा माणूस काही गोष्टींवर माझ्यापेक्षा वेगळा भर देईल.

तुमचं गणित चोख आहे, पण ज्या आकड्यावर ते उभं आहे तो आकडा लांबीचा नाही. पूर्वी होता. नव्वदच्या दशकापर्यंत नोडचं, म्हणजे चिप बनवण्याच्या पिढीचं, नाव आणि ट्रान्झिस्टरवरचं खरं माप बऱ्यापैकी जुळायचं. पुढे नाव एका वाटेने गेलं आणि माप दुसऱ्या. आज ‘तीन नॅनोमीटर’ म्हणतात त्या पिढीसाठी आयआरडीएस या आंतरराष्ट्रीय आराखड्यात दोन शेजारच्या गेटमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर उघडणारा-मिटवणारा भाग) अंतर ४८ नॅनोमीटर आणि सगळ्यात दाट तारांमधलं अंतर २४ नॅनोमीटर दिलंय. ‘दोन’साठी हेच आकडे ४५ आणि २० आहेत. तीन नॅनोमीटरचं असं त्या चिपवर ठळकपणे दाखवता येईल असं काही नाही. ते पिढीचं नाव आहे, इतकंच. सिलिकॉनच्या स्फटिकाची एक घडी ०.५४ नॅनोमीटरची असते. ४८ नॅनोमीटरमध्ये अशा जवळपास नव्वद घड्या बसतात. या दिशेने अणू अजून बराच लांब आहे.

दुसऱ्या एका दिशेने मात्र अणू वीस वर्षांपूर्वीच लागला. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर असायचा. ९० नॅनोमीटरच्या पिढीत त्याची जाडी १.२ नॅनोमीटरपर्यंत आली, म्हणजे जेमतेम पाच अणुथर. एवढ्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन आरपार जायला लागले. त्याहून पातळ करायला जागाच नव्हती. तेव्हा २००७ साली इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या पिढीत तो थर हाफ्नियम असलेल्या पदार्थाचा केला. तोच विद्युत परिणाम, पण थर जाड, म्हणून गळती कमी. भिंत लागली आणि लोक वळसा घालून पुढे गेले. माझ्या कारकिर्दीत हे तीन-चारदा झालेलं मी जवळून पाहिलंय.

म्हणून तुमच्या प्रश्नातला खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. ट्रान्झिस्टर लहान झाला की आपल्याला नेमकं काय मिळायचं, आणि त्यातलं काय मिळायचं थांबलंय?

गॉर्डन मूर यांनी १९६५मध्ये मांडलेली गोष्ट संख्येची होती. एका चिपवर परवडतील असे घटक दर वर्षी दुप्पट होत जातील, असं ते म्हणाले आणि १९७५मध्ये त्यांनी ते दर दोन वर्षांवर आणलं. वेगाबद्दल किंवा विजेबद्दल तो नियम नव्हता. ती बाजू आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये मांडली. लांबी, रुंदी, थराची जाडी आणि व्होल्टेज हे सगळं एकाच प्रमाणात, समजा ०.७ पट केलं, तर क्षेत्र निम्मं होतं, ट्रान्झिस्टर जास्त वेगाने उघडमीट करतो आणि त्याची वीजही निम्मी होते. क्षेत्र निम्मं आणि वीज निम्मी, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला उष्णता होती तेवढीच. दुप्पट ट्रान्झिस्टर ठेवा, चिप तापणार नाही. तीस वर्षं आपण जी प्रगती पाहिली ती या दुसऱ्या नियमाच्या पाठबळावर. १९७१चा ‘इंटेल ४००४’ हा प्रोसेसर ७४० किलोहर्ट्झवर चालायचा, २००४चा ‘पेंटियम ४’ हा ३.८ गिगाहर्ट्झवर. पाच हजार पट. त्यानंतरच्या वीस वर्षांत दुप्पटसुद्धा नाही. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत २००४मध्ये गुंडाळला आणि पुढे सगळ्यांनीच एका चिपवर दोन, चार, आठ गाभे (कोअर) टाकायला सुरुवात केली.

घोडं कुठे अडलं? व्होल्टेजवर. ही जागा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यातून निघतं.

मी कोल्हापूरकडचा, म्हणून बंधाऱ्याचं उदाहरण देतो. कोल्हापुरी बंधाऱ्यात खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात. बरगे घातले तरी फटींतून थोडं पाणी झिरपतंच. ट्रान्झिस्टरचंही तसंच, ‘बंद’ म्हणजे पूर्ण बंद नसतो. गेटवरचं व्होल्टेज उंबरठ्याच्या खाली उतरवलं की प्रवाह झपाट्याने कमी होतो, पण किती झपाट्याने याला मर्यादा आहे. खोलीच्या तापमानाला प्रवाह दहापट कमी करायला किमान ६० मिलिव्होल्ट उतरावं लागतं. ही मर्यादा इलेक्ट्रॉनांच्या उष्ण हालचालीतून येते. नेहमीच्या रचनेचा ट्रान्झिस्टर कितीही लहान करा, पदार्थ कोणताही वापरा, ती बदलत नाही. प्रवाह लाखपट कमी हवा असेल तर ३०० मिलिव्होल्ट नुसते बंद करण्यात जातात. त्यावर वेगाने चालायला आणखी व्होल्टेज हवं. त्यामुळे पाच व्होल्टवरून ३.३, १.८, १.२ असं उतरत आलेलं व्होल्टेज एकच्या आसपास येऊन रेंगाळलं. आजही ते ०.७ ते ०.७५च्या घरात आहे. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, व्होल्टेज त्या प्रमाणात उतरलं नाही, आणि डेनार्ड यांचा हिशेब २००५च्या आसपास मोडला.

त्याच सुमाराला ९० नॅनोमीटरवरचा माझा पहिला प्रोजेक्ट होता, हातात धरायच्या एका उपकरणाची चिप. नमुने फॅबमधून आले, बोर्डवर लावले, सगळं चाललं. उपकरण नुसतं टेबलावर पडून राहिलं तरी बॅटरी संध्याकाळपर्यंत उतरायची. कारण शोधायला आठवडा गेला. टायमिंग जुळावं म्हणून आम्ही सर्रास लो-व्हीटी, म्हणजे कमी उंबरठ्याचे, सेल वापरले होते. हे सेल पटकन उघडतात, पण नीट मिटत नाहीत. एका सेलची गळती नगण्य, लाखो सेलांची मिळून बॅटरी खाणारी. त्यात चिप तापली की गळती वाढते, गळती वाढली की चिप आणखी तापते. पुढच्या आवृत्तीत जिथे वेळ शिल्लक होता त्या प्रत्येक मार्गावर आम्ही हाय-व्हीटी सेल घातले आणि काम नसलेल्या भागाची वीज कापायचे स्विच टाकले. आज हे नवख्यालाही पहिल्या महिन्यात शिकवतात. मी ते त्या टेबलासमोर शिकलो, आणि तेव्हापासून एखाद्या नव्या नोडची जाहिरात वाचली की आधी गळतीचा आकडा शोधतो.

पुढची वीस वर्षं ट्रान्झिस्टरच्या आकारापेक्षा आकृतीवर जास्त काम झालं. बागेतली रबरी नळी जमिनीवर ठेवून वरून पाय दिला तर कडेने थोडं पाणी जातंच. तीच मुठीत धरून आवळली तर थांबतं. सपाट ट्रान्झिस्टरमध्ये गेट फक्त वरून दाबायचं. फिनफेटमध्ये सिलिकॉनची उभी पाकळी काढून गेट तिला तीन बाजूंनी धरतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात चेनमिंग हू यांच्या गटाने १९९९च्या सुमाराला ती दाखवली, आणि इंटेलने २२ नॅनोमीटरच्या पिढीत, २०१२ साली, ती बाजारात आणली. आता नॅनोशीट आली आहे. सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या एकावर एक, आणि प्रत्येकीला गेटने चारही बाजूंनी वेढलेलं. सॅमसंगने २०२२मध्ये हे उत्पादन सुरू केलं, इंटेल आणि तैवानची टीएसएमसी २०२५मध्ये आले. ‘दोन नॅनोमीटर’ म्हणून जे तुम्ही वाचता त्यातला खरा बदल हा आहे. मूठ पूर्ण वळली. आता पाचवी बाजू नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर संख्येचा नियम मंदावत चालू आहे, विजेचा नियम वीस वर्षांपूर्वी संपला, आणि गळती आटोक्यात ठेवायला आकृती बदलत बदलत आपण चार बाजूंच्या वेढ्यापर्यंत आलो. ट्रान्झिस्टर मात्र अजून ठीक चालतो. माझ्या रोजच्या कामात तो क्वचितच अडचण होतो. अडचण होतात त्या तारा.

तांब्यात इलेक्ट्रॉन कशावर तरी आदळण्याआधी सरासरी ४० नॅनोमीटर जातो. आजच्या सगळ्यात खालच्या थरांतली तार दहा-बारा नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे इलेक्ट्रॉन सारखा भिंतींवर आपटतो आणि रोध पुस्तकातल्या आकड्याच्या कितीतरी पट होतो. शिवाय तांबं आजूबाजूला झिरपू नये म्हणून त्याच्याभोवती दुसऱ्या धातूचं अस्तर लागतं. ते अस्तर फारसं पातळ करता येत नाही, म्हणून तार जितकी अरुंद तितका तिच्यातला तांब्याचा वाटा कमी. म्हणूनच काही थरांत कोबाल्ट, रुथेनियम, मॉलिब्डेनम यांची चाचपणी चालू आहे. १९९७मध्ये आयबीएमने ॲल्युमिनियमच्या जागी तांबं आणलं, तेव्हा ती मोठी झेप होती. आज तेच तांबं अरुंद जागेत कमी पडतंय.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. एका चिपचं टेपआउट दोन आठवड्यांवर होतं. टायमिंग जुळलं होतं. आयआर ड्रॉपचा, म्हणजे वीज तारांतून सेलपर्यंत पोचताना व्होल्टेज किती पडतं याचा नकाशा उघडला. बाकी चिप हिरवी-पिवळी, आणि मेमरीच्या दोन चौकोनांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात लालभडक ठिपका. ०.७५ व्होल्टच्या चिपला आम्ही पाच टक्के पडझड चालवून घेतो, म्हणजे सदतीस-अडतीस मिलिव्होल्ट. त्या ठिपक्यात साठच्या वर जात होती. झूम केलं तर तिथे क्लॉकचे, म्हणजे चिपचा ताल धरणाऱ्या सिग्नलचे, मोठे बफर (सिग्नलला जोर देणारे सेल) दाटीवाटीने बसलेले, सगळे एकाच क्षणी उघडमीट करणारे. टूलने त्यांना तिथे बसवलं होतं कारण टायमिंगला ती जागा सोयीची होती. बफर पसरवले तर क्लॉकची वेळ बिघडायची. विजेच्या पट्ट्या रुंद केल्या तर सिग्नलच्या तारांना जागा उरायची नाही. शेवटी काही बफर हलवले, मधे डीकॅप सेल (थोडा विद्युतभार साठवून व्होल्टेज सावरणारे) भरले, वरच्या थरातून दोन पट्ट्या जास्त उतरवल्या, आणि त्या एवढ्याशा पट्ट्यासाठी नऊ दिवस गेले. अशा वेळी ट्रान्झिस्टर आणखी लहान मिळाला असता तर तो ठिपका आणखी लाल झाला असता.

म्हणून मला स्वतःला पुढच्या गोष्टींमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पाठीमागून वीज देण्याची पद्धत. आजवर वीज आणि सिग्नल दोन्ही ट्रान्झिस्टरच्या वरच्याच मजल्यांतून यायचे, एकाच गल्लीत बस आणि हातगाड्या. आता वेफर उलटा करून, घासून अतिशय पातळ करून, वीज खालच्या बाजूने आणतात. इंटेलच्या १८ए प्रक्रियेत हे आलंय आणि टीएसएमसीची ए१६ही त्याच मार्गावर आहे. समोरची बाजू पूर्ण सिग्नलला मोकळी, विजेच्या तारा मागे जाड आणि आखूड. त्याची किंमतही आहे. पूर्वी ट्रान्झिस्टरखालचं जाड सिलिकॉन उष्णता आजूबाजूला पसरवायचं, आता ते राहत नाही. आणि चिप बिघडली तर तपासणारे लोक आजवर मागच्या बाजूने, सिलिकॉनमधून आरपार जाणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाने आत डोकावायचे. ती खिडकी आता धातूने बंद होते. बिघाड शोधण्याच्या नव्या पद्धती लागणार, आणि त्या शोधणारी माणसंही.

दुसरी अडचण मेमरीची. तिच्याबद्दल बाहेर फार बोललं जात नाही. प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, एसरॅम, सहा ट्रान्झिस्टरच्या पेशींची बनते. टीएसएमसीच्या सात नॅनोमीटरवर ती पेशी ०.०२७ चौरस मायक्रोमीटरची होती, पाचवर ०.०२१ झाली, आणि तीनच्या एन३ई या आवृत्तीतही ०.०२१च राहिली. एक पूर्ण पिढी उलटली आणि मेमरी तसूभर आक्रसली नाही. पाच नॅनोमीटरवर जाताना मी जुना फ्लोअरप्लॅन (चिपवरच्या जागावाटपाचा नकाशा) आणि नवा शेजारी शेजारी ठेवून पाहिला होता. लॉजिकचा भाग छान आखडला होता, मेमरीचे चौकोन त्या मानाने फारच कमी. एन३ईवर तर ते होते तेवढेच राहणार. नव्या नोडचा महागडा वेफर घ्यायचा आणि त्यातल्या मोठ्या जागेत जुन्याच आकाराची मेमरी ठेवायची, हे परवडत नाही.

पैशाचा मुद्दा इथूनच सुरू होतो. चिपवर इतके बारीक आकार छापणारं यंत्र नेदरलँड्समधल्या वेल्डहोव्हनची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यात दर सेकंदाला सुमारे ५० हजार वितळलेल्या कथिलाचे थेंब सोडतात, प्रत्येकावर लेसरचा मारा करून १३.५ नॅनोमीटर लहरलांबीचा प्रकाश काढतात. हा प्रकाश हवेतसुद्धा शोषला जातो, काचेतून तर जातच नाही, म्हणून सगळं निर्वातात आणि आरशांवर. एक आरसा जास्तीत जास्त सत्तर टक्के परतवतो, त्यामुळे दहा-अकरा आरशांनंतर दोन-तीन टक्केच प्रकाश वेफरवर पोचतो. त्याच्या नव्या, जास्त बारकाईच्या पिढीचं एक यंत्र सुमारे ३५ कोटी युरोंचं आहे. त्यात एक मोठी गोष्ट दडली आहे. जुन्या यंत्रात एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटर, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटर छापता यायचं. नव्यात त्याच्या निम्मंच. मोठी अखंड चिप करू नका, तुकडे करा, असं आता यंत्रच सांगतंय.

आणि तुकडे करणं हेच सध्या ‘पुढे काय’चं सगळ्यात खरं उत्तर आहे. कापडाच्या ताग्यावर इथे तिथे डाग आहेत असं समजा. साड्या कापल्या तर बऱ्याच साड्यांवर एखादा डाग येणार आणि अख्खी साडी बाद. रुमाल कापले तर डागाचे रुमाल फेकायचे, बाकीचे चांगले. वेफरवरच्या दोषांचंही असंच असतं. समजा चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष आहे. आठ चौरस सेंटिमीटरची चिप असेल तर साधारण ४५ टक्के चांगल्या निघतात, दोन चौरस सेंटिमीटरची असेल तर ८२ टक्के. मग चार लहान चांगले तुकडे निवडून एकाच पॅकेजमध्ये जोडायचे. एएमडीने २०१९मध्ये सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये गणनेचे आठ तुकडे सात नॅनोमीटरवर केले आणि बाहेर जोडणी करणारा मधला तुकडा १४ नॅनोमीटरवर ठेवला, कारण जोडणीच्या सर्किटला लहान होऊन काही मिळत नाही. जो भाग लहान झाल्याने सुधारतो तोच महागात न्यायचा. मेमरीच्या न आक्रसण्यावरही हाच उपाय आहे. २०२२मध्ये त्यांनीच ६४ मेगाबाइटची जादा कॅश (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) वेगळ्या तुकड्यावर करून प्रोसेसरच्या डोक्यावर चिकटवली. २०२४च्या आवृत्तीत हाच तुकडा गाभ्यांच्या खाली गेला. कारण तापतात ते गाभे, आणि ते कूलरच्या जवळ हवेत. कोणता मजला वर आणि कोणता खाली हा आता वास्तुरचनेचा प्रश्न झालाय, आणि त्याचं उत्तर उष्णता देते.

वर बांधण्याचा रस्ता नवा नाही. तुमच्या फोनमधली फ्लॅश मेमरी २०१३लाच या वाटेने गेली. सपाट फ्लॅश पंधरा-सोळा नॅनोमीटरपर्यंत आणली तेव्हा एका पेशीत इतके मोजके इलेक्ट्रॉन मावायचे की थोडे निसटले तरी माहिती बदलायची. मग सॅमसंगने पेशी पुन्हा मोठी केली आणि २४ थर एकावर एक रचले. आज दोनशेच्या वर थर आहेत. आकार लहान करणं तिथे थांबलं, क्षमता वाढायची थांबली नाही. प्रोसेसरला हे इतकं सोपं नाही, कारण फ्लॅशच्या पेशी बहुतेक वेळ थंड पडून असतात आणि प्रोसेसरचे ट्रान्झिस्टर सतत धावतात. मधल्या मजल्याची उष्णता बाहेर काढायची कशी, यावर मजल्यांची संख्या ठरणार.

मेमरी जवळ आणण्यामागे आणखी एक हिशेब आहे. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४मध्ये ४५ नॅनोमीटरसाठी मांडलेले आकडे मी टीममधल्या प्रत्येक नव्या माणसाला दाखवतो. ३२ बिटांची पूर्णांकांची एक बेरीज ०.१ पिकोज्यूल. तेवढाच डेटा चिपबाहेरच्या डीरॅम या मुख्य मेमरीतून आणायला ६४० पिकोज्यूल. बेरजेपेक्षा ने-आण काही हजार पट महाग. म्हणून आता वीज वाचवायची तर गणित स्वस्त करून भागत नाही, डेटाचा प्रवास कमी करावा लागतो. एआयच्या चिपशेजारी थर रचलेली एचबीएम मेमरी बसवतात ती याचसाठी.

ट्रान्झिस्टरमध्ये मग काहीच उरलं नाही का? उरलंय. नॅनोशीटनंतर एन आणि पी प्रकारचे ट्रान्झिस्टर शेजारी न ठेवता एकावर एक ठेवायचे, त्याला सीफेट म्हणतात. बेल्जियममधली आयमेक ही संशोधन संस्था आणि दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या मोठ्या फाउंड्री त्यावर काम करत आहेत. तो पुढच्या दशकातला विषय आहे. त्याही पुढे मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे एकाच रेणुथराचे पदार्थ आहेत, जाडी ०.६५ नॅनोमीटरच्या आसपास. २०१६मध्ये बर्कलीत यावरच, कार्बन नॅनोट्यूब गेट म्हणून वापरून, एक नॅनोमीटर गेटचा ट्रान्झिस्टर चालवून दाखवला होता. प्रयोगशाळेत एक ट्रान्झिस्टर चालणं आणि वेफरवर अब्जावधी एकसारखे चालणं यात फार मोठं अंतर आहे. धातूपासून अशा पातळ थरात प्रवाह उतरवताना जोडणीपाशीच रोध येतो. तो सुटेपर्यंत मी याला वेळापत्रकात धरणार नाही.

क्वांटम संगणक हे सिलिकॉनचं पुढचं मॉडेल नाही. रेणूंचं गणित, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं अशा विशिष्ट प्रश्नांसाठी ते वेगळं यंत्र आहे, आणि ते चालवायलासुद्धा शेजारी साध्या चिप लागतात. प्रकाशाचं म्हणाल तर संदेश वाहायला तो उत्तम आहे, पण चिपवर वापरतात त्या प्रकाशाची लहरलांबीच हजार-दीड हजार नॅनोमीटर. त्याची वळणं आणि स्विच ट्रान्झिस्टरपेक्षा खूप मोठे होतात. तो तारांची जागा घेईल, लॉजिकची नाही.

आता तुमच्या करिअरचं. कशासाठी चिप बनवता यावर इथे बरंच अवलंबून आहे. फोन आणि डेटा सेंटर सोडले तर बहुतेक चिपना दोन नॅनोमीटरची गरजच नाही. गाडीतले कंट्रोलर, मीटर, सेन्सर, पॉवरच्या चिप २८ ते १८० नॅनोमीटरवर वर्षानुवर्षं बनतात. ॲनालॉग सर्किटला तर लहान ट्रान्झिस्टर उलट त्रास देतो. गुजरातेत ढोलेरात टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांचा ९१ हजार कोटी रुपयांचा फॅब उभा राहतोय, तोही २८ आणि त्याहून मोठ्या नोडसाठी आहे, आणि मला ती निवड योग्य वाटते. म्हणजे नोडचं नाव थांबलं तरी काम थांबणार नाही. ज्या काळात नुसतं पुढच्या नोडवर नेलं की चिप आपोआप सुधारायची, तेव्हा डिझायनरच्या चुका नोड झाकून घ्यायचा. आता जे मिळवायचं ते रचनेतून, पॅकेजमधून, उष्णतेच्या आणि विजेच्या हिशेबातून. माझ्या टीमला गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त शोधावी लागली ती माणसं पॅकेजची उष्णता आणि चिपची वीज दोन्ही एकत्र वाचू शकणारी. कॉलेजात हे दोन विषय दोन वेगळ्या विभागांत शिकवतात. तुम्ही मेकॅनिकलच्या मित्राचं हीट ट्रान्सफरचं पुस्तक आजच मागून घ्या.

आणि हात घाला. ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत कॉलेजांना डिझाइनची टूल मिळतात, आणि विद्यार्थ्यांच्या डिझाइन मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनवून मिळतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का ते विभागप्रमुखांना विचारा. नसेल तरी अडू नका. स्कायवॉटर या अमेरिकी फॅबचं १३० नॅनोमीटरचं डिझाइन किट २०२०पासून खुलं आहे आणि ओपनलेन हे टूल फुकट चालतं. एक लहानसा रिस्क-फाइव्ह (खुल्या आराखड्याचा) प्रोसेसर घ्या, त्यातून जीडीएस फाइलपर्यंत, म्हणजे फॅबला द्यायच्या नकाशापर्यंत, या. मग क्लॉक हळूहळू वाढवत न्या आणि टायमिंग कुठे मोडतं ते पाहा. मोडलेला मार्ग उघडून त्यातला सेलचा वेळ आणि तारेचा वेळ वेगळा लिहून काढा. नंतर त्याच डिझाइनच्या पिना समोरासमोरच्या कडांना नेऊन पुन्हा चालवा आणि मधे किती बफर वाढले ते मोजा. दोन्ही वेळचे रिपोर्ट मला पाठवलेत तर मी ते ओळीने वाचेन.